जोड

पडद्याच्या कापडाला सुरुवात नसते. साडीला काठ असतो, पदर असतो. ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे नेसणारीला कळतं आणि बघणाऱ्यालाही. पडद्याचं, सोफ्याचं कापड ताक्यातून मीटरवर कापलं जातं. गिऱ्हाईक सव्वातीन मीटर मागो की अठरा, कात्री कुठेही लागली तरी नक्षी अर्धवट वाटता कामा नये. भिंतीवर लावायच्या कागदाचंही तेच. फुलं, पानं, पक्षी काढणारे हात पुष्कळ असतात. अशा नक्षीची परीक्षा होते ती जोडापाशी, जिथे नक्षीचा एक तुकडा संपतो आणि तोच तुकडा पुन्हा सुरू होतो.

मी सव्वीस वर्षं हे जोड बुजवण्याचं काम केलं. लोअर परळला एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातल्या गाळ्यात आमचा स्टुडिओ होता. उंची पडद्यांची कापडं, पुढे पुढे वॉलपेपर. दिवसभर गेटवे ट्रेसिंग पेपरवर पेन्सिल, संध्याकाळी पोस्टर कलर आणि झिरो नंबरचा ब्रश. आमचे मास्तर पूर्वी गिरणीच्या डिझाइन खात्यात होते; संपानंतर इकडे आले. डिझाइन पुरं झालं की ते चार प्रती शेजारी शेजारी लावून समोरच्या भिंतीवर टांगायचे, एक ट्यूबलाइट बंद करायचे आणि पंधरा फुटांवर जाऊन डोळे बारीक करून उभे राहायचे. जवळून निर्दोष वाटणाऱ्या डिझाइनमध्ये लांबून एकदम पट्टा दिसायचा. सगळी गडद फुलं एका रेषेत आलेली, किंवा पानांच्या मधली रिकामी जागा तिरपी पळत गेलेली. त्याला आम्ही ‘लाइन पडली’ म्हणायचो. ‘लाइन पडली गं,’ असं मास्तर हळू आवाजात म्हणायचे, आणि चार दिवसांचं काम पुन्हा ट्रेसिंगवर यायचं.

मास्तरांच्या टेबलावरच्या काचेखाली एक झेरॉक्स होतं. दोन पक्षी समोरासमोर, चोचीत फळ, भोवती पानाफुलांची इतकी दाटी की बोट ठेवायला जागा नाही. ‘ह्यात जोड शोध,’ असं त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मला तो सापडला नाही. विल्यम मॉरिस ह्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नक्षीकाराचं नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं. ते डिझाइन निळं आहे हे मात्र मला पुढे कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं, कारण झेरॉक्स काळं-पांढरं होतं.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी पाच महिने लंडनला राहिले. तिचं घर वॉल्थमस्टोला, शहराच्या ईशान्य टोकाला. नात दोन महिन्यांची झाल्यावर दुपारी तिला बाबागाडीत घालून बाहेर न्यायचं काम माझ्याकडे आलं. घरापासून दहा-बारा मिनिटांवर लॉइड पार्क नावाची बाग आहे आणि बागेच्या तोंडाशीच एक जुनं, विटांचं, ऐसपैस घर. मॉरिसचे वडील वारल्यावर १८४८ ते १८५६ त्याची आई मुलांना घेऊन ह्या घरात राहत होती. १९५० पासून तिथे त्याच्या कामाचं संग्रहालय आहे. तिकीट नाही, आत ऊब आहे, आणि बाबागाडीला कुणी हरकत घेत नाही. मी आठवड्यातून तीन-तीनदा जायला लागले.

मॉरिसचं चरित्र मी इथे सांगत नाही. एवढंच, की १८६१ मध्ये त्याने मित्रांबरोबर घरसजावटीची एक कंपनी काढली, १८७५ मध्ये ती एकट्याच्या हाती घेऊन ‘मॉरिस अँड कंपनी’ केली आणि १८९६ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तो गेला. मधल्या काळात त्याने कविता लिहिल्या, गालिचे विणले, पुस्तकं छापली, समाजवादाची भाषणं दिली. पण मला त्याच्याशी बोलावंसं वाटतं ते जोडाबद्दल.

पुनरावृत्ती म्हणजे काय हे मी शिकले ती गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या फरशीवर. सिमेंटची नक्षीची फरशी. एकेकटी बघितली तर चार कोपऱ्यांत चार पाव फुलं आणि मधे एक चांदणी. फूल पुरं व्हायचं ते चार फरश्या एकत्र आल्यावरच. स्वयंपाकघरात एका ठिकाणी गवंड्याने एक फरशी फिरवून बसवली होती आणि तिथलं फूल कधीच जुळलं नाही. जेवताना माझं लक्ष त्याच फुलाकडे जायचं. स्टुडिओत आल्यावर कळलं की कागदावर आम्ही हेच उलटं करतो. काढलेलं चित्र मधोमध उभं-आडवं कापायचं, चारही तुकड्यांची अदलाबदल करायची, म्हणजे बाहेरच्या कडा मधे येतात. मधे जी फट पडते, वेल तुटलेली दिसते, तिथे नवं पान, नवी डहाळी घालून ती सांधायची. मग पुन्हा कापायचं, पुन्हा बघायचं. आडवे पट्टे दिसू नयेत म्हणून शेजारचा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकवायचा. त्याला हाफ-ड्रॉप म्हणतात. वेल काढताना तिला कुठून तरी निघून कुठे तरी जायचं आहे हे विसरून चालत नाही. मॉरिसही विद्यार्थ्यांना असंच सांगे, की वेल कुठून उगवली आणि कशी वाढली हे डोळ्यांना पटलं पाहिजे. खोटं फुटलेलं पान लगेच कळतं.

त्याचं भिंतीच्या कागदाचं पहिलं डिझाइन ‘ट्रेलिस’, १८६२ चं. लाकडी जाळीवर चढलेला गुलाब. त्याच्या रेड हाउस नावाच्या घरी बागेत अशा जाळ्या होत्या. त्यातले पक्षी त्याने काढलेले नाहीत. ते त्याचा वास्तुविशारद मित्र फिलिप वेब याने काढून दिले, कारण मॉरिसला आपले पक्षी पसंत नव्हते. ट्रेलिसच्या जाळीत जोड लपवायची गरजच नाही, चौकटच जोड सांभाळते. एखाद्या शिकाऊने पहिल्या डिझाइनला आधार म्हणून चौकडी घ्यावी तसं मला ते वाटतं, आणि म्हणूनच जवळचं वाटतं. कागद स्वतः छापायचा प्रयत्नही त्याने केला, जस्ताचे पत्रे आणि तेलाचे रंग घेऊन. ते जमलं नाही. मग छपाई इस्लिंग्टनच्या जेफ्री अँड कंपनीकडे दिली आणि ती त्यांच्याकडेच राहिली.

त्या छपाईचा एक लाकडी ठसा संग्रहालयात जवळून बघता येतो. पेअरच्या लाकडाचा, जाड. बारीक रेषांच्या जागी पितळेच्या पट्ट्या उभ्या ठोकलेल्या, भरीव फुलांच्या जागी नमदा भरलेला, म्हणजे रंग सारखा बसावा. इंग्लंडच्या कागदाचा पन्हा एकवीस इंच, त्यामुळे ठसाही तेवढाच रुंद, आणि उंची माणसाला दिवसभर उचलता येईल इतकीच. नक्षीचा आकार शेवटी छापणाऱ्याच्या दंडावर ठरतो. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. ‘अकँथस’ नावाच्या १८७५ च्या कागदाला असे तीस ठसे लागत. एक रंग छापायचा, कागद वाळवायचा, मग दुसरा. तीस वेळा तोच कागद, आणि तिसाव्या वेळीही पानाची शीर पानाच्या मधोमध यायला हवी.

ती कशी येते, ते मला कागदाच्या कडेला दिसलं. नात झोपली होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, मी काचेला नाक लावून उभी होते. कडेला अगदी टाचणीच्या डोक्याएवढे रंगाचे ठिपके होते. ठशाच्या कोपऱ्यात छोट्या खुंट्या असतात. प्रत्येक ठशासोबत त्यांचे ठिपके उमटतात आणि पुढचा ठसा त्या ठिपक्यांवर नेम धरून ठेवायचा. कागद भिंतीवर लावताना ही कड कापून टाकतात. म्हणजे जिथे छापणाऱ्याची नजर टेकली होती तेवढीच जागा कापली जाते. ह्या तुकड्याची कड राहून गेली होती, म्हणून मला ठिपके दिसले. एक ठिपका शेजारच्याच्या किंचित बाहेर पडला होता. त्या दिवशी कुणाचा तरी हात केसभर हलला असेल.

‘ह्यात जोड शोध’ म्हणून मास्तरांनी दिलेलं ते डिझाइन म्हणजे ‘स्ट्रॉबेरी थीफ’, १८८३. ऑक्सफर्डशायरमधल्या केल्मस्कॉटला मॉरिसचं भाड्याचं घर होतं. तिथल्या वाफ्यांवरच्या जाळीखाली शिरून थ्रश पक्षी स्ट्रॉबेऱ्या पळवत. त्याच्या मुलीने, मे मॉरिसने, आठवण लिहून ठेवली आहे, की माळी त्या पक्ष्यांच्या माना मुरगळायला निघायचा आणि वडील म्हणायचे, बागेतल्या एकाही पक्ष्याला हात लावायचा नाही. मास्तरांच्या काचेखालच्या झेरॉक्समध्ये हे पक्षी चोर आहेत हे मला कळलंच नव्हतं. मला ते देव्हाऱ्यातल्या मोरांसारखे वाटायचे.

हे कापड प्रथम खरं, रंगात पाहिलं ते लंडनलाच. निळा इतका खोल की डोळा त्यात उतरत जातो. हा निळा आणण्यासाठी मॉरिसने काय केलं ते मी आधी वाचलं होतं, पण कापडासमोर उभं राहिल्यावर त्याचा अर्थ लागला. बाजारात तेव्हा कोळशाच्या डांबरापासून काढलेले भडक रंग आले होते. त्याला ते नको होते. १८७५ पासून तो स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डल नावाच्या रंगाऱ्याकडे वारंवार जाऊन राहिला, जुने वनस्पतिकोश धुंडाळले, स्वतः पिंपांपाशी उभा राहिला. हात कोपरापर्यंत निळे असायचे. हा वॉर्डल आपल्याकडचं टसर रेशीम रंगवण्यात मुरलेला होता. टसर रंग धरत नाही म्हणून युरोपात त्याला कुणी विचारत नव्हतं, ते वॉर्डलने करून दाखवलं. भंडाऱ्याच्या टसरची साडी नेसताना मला हल्ली तो आठवतो.

नीळ ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ती साध्या पाण्यात विरघळत नाही. पिंपात तिच्यातला प्राणवायू ओढून घेतला की विरघळते, आणि मग ते पाणी निळं राहतच नाही, पिवळट-हिरवं होतं. कापड बुडवून वर काढलं की हिरवं दिसतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. मी हे एकदाच पाहिलं आहे, कच्छमधल्या अजरखपूरला. रंगाऱ्याने कापड झटकलं आणि हिरव्यावरून निळी सावली सरकत गेली, वाऱ्याने शेत हलावं तशी. मॉरिसची पद्धत अशी, की आधी अख्खं कापड गडद निळं करायचं. मग जिथे पांढरं हवं तिथे रंग उडवणारं रसायन ठशाने छापायचं. तेच पातळ करून छापलं तर फिकट निळा उरतो. त्यानंतर लाल, मंजिष्ठेत असतो त्या रंगद्रव्याचा. शेवटी वेल्ड नावाच्या रोपाचा पिवळा. तो निळ्यावर पडला की हिरवी पानं तयार. प्रत्येक पायरीला धुणं आणि वाळवणं. लीकला हे साधलं नाही. १८८१ मध्ये त्याने लंडनच्या दक्षिणेला मर्टन ॲबी इथे, वाँडल नदीकाठी, स्वतःचा कारखाना घेतला तेव्हा साधलं. नदीचं पाणी रंगकामाला योग्य होतं आणि धुतलेलं कापड पसरायला कुरण होतं. निळ्याबरोबर लाल आणि पिवळा एकत्र बसवलेलं पहिलं कापड ते हे चोर पक्ष्यांचं. पुढच्या वर्षी त्याने ‘क्रे’ केलं, त्याला तर चौतीस ठसे लागले. त्या काळातल्या बऱ्याच कापडांना त्याने थेम्सच्या उपनद्यांची नावं दिली: वाँडल, क्रे, ईव्हनलोड, विंडरश. आपल्याकडे कुणी मुळा, पवना, नीरा अशी कापडं काढली तर मी ती अंगाला लावून बघीन.

आणि जोड? तो मला तिथेही सापडला नाही. उजवा पक्षी डाव्याची आरशातली प्रतिमा आहे, हे कळतं. म्हणजे मधून एक उभी रेषा जाते हेही कळतं. पण ती रेषा ज्या पानांवरून जाते ती पानं एकमेकांत अशी गुंतली आहेत, की डोळा तिथे पोचेपर्यंत दुसऱ्या फुलाने त्याला ओढून नेलेलं असतं. मी बाकावर बसून पाऊण तास पाहिलं. मग नात रडायला लागली.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. जोड लपवणं हे आमच्या कामाचं सार, आणि ते मला आजही सुंदर वाटतं. पण जोडाबरोबर आणखी बरंच काही लपतं, आणि ते लपावं असं मला आता वाटत नाही.

तो निळाच घ्या. कारखान्यात तयार होणारी नीळ जर्मनीतून बाजारात आली ती १८९७ मध्ये. तोवर इंग्लंडात येणारी नीळ मुख्यतः बंगाल-बिहारची. १८५९-६० मध्ये बंगालच्या रयतेने निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला, कारण भाताच्या जमिनीत नीळ लावायची सक्ती होती आणि आगाऊ दिलेल्या पैशांचं कर्ज पिढ्यान्‌पिढ्या फिटत नव्हतं. चंपारण्य तर १९१७ चं. सबंध युरोपातल्या निळ्या कापडावर त्या शेतांची सावली आहे.

हिरव्याची गोष्ट त्याहून जवळची. त्या काळच्या वॉलपेपरांमधला ताजा हिरवा बहुधा आर्सेनिकचा असे. मॉरिसच्या वडिलांनी डेव्हनमधल्या एका तांब्याच्या खाणीत पैसे घातले होते. पुढे तीच खाण आर्सेनिकच्या उत्पादनात जगात अग्रेसर झाली. त्याच शेअरांच्या उत्पन्नावर मॉरिसचं तरुणपण आणि सुरुवातीची कंपनी उभी राहिली. तो स्वतः १८७५ पर्यंत खाणीचा संचालक होता. २००३ मध्ये अँड्र्यू मेहार्ग या शास्त्रज्ञाने त्याच्या सुरुवातीच्या एका कागदाचा नमुना तपासला, तेव्हा हिरव्यात आर्सेनिक निघालं. आणि १८८५ मध्ये मॉरिसने वॉर्डलला लिहिलेल्या पत्रात आर्सेनिकच्या कागदाने माणसं आजारी पडतात ह्या भीतीला मूर्खपणा म्हटलं आहे, डॉक्टरांना भुताटकीच्या तापासारखं काही झालं आहे असं म्हटलं आहे. मजुरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाचं हे पत्र आहे. मी ते वाचलं आणि मला दुखलं.

दुखण्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या स्टुडिओचा कागद मुंबईतल्या एका हॉटेलात लागला. माझंच डिझाइन, केवड्याची पानं, करड्या हिरव्यात. समुद्राकडची भिंत. आपल्या भिंती पावसाळ्यात पाणी पितात हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी तिथे कागद लावला गेला. पहिल्याच जुलैत कागद फुगला, कडेने सुटला. छपाईत चूक आहे का हे बघायला मला बोलावलं. सुटलेली कड धरून एका कामगाराने कागद ओढला तर मागे हातभर काळी बुरशी, आणि कुबट वासाचा असा भपका आला की मी दोन पावलं मागे गेले. तो मुलगा तोंडाला रुमाल बांधून दिवसभर ते खरवडत राहिला, खोकत राहिला. आमच्या रंगात विष नव्हतं. पण इटलीतल्या गोसिओ नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात दाखवलं होतं, की आर्सेनिकच्या रंगावर बुरशी धरली की तिच्यातून विषारी वायू सुटतो. हे मी पुढे वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर तोच मुलगा आला. उंची कागदाच्या पुढच्या बाजूला मी होते, मागच्या बाजूला तो.

मॉरिसला ही टोचणी नव्हती असं नाही. उलट तीच त्याला पुढे समाजवादाकडे घेऊन गेली. एका श्रीमंताच्या घरात सजावटीचं काम चाललं असताना तो अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होता. काय झालं विचारल्यावर म्हणाला, श्रीमंतांच्या डुकरी चैनीची सेवा करण्यात माझा जन्म जातोय. १८८३ मध्ये, म्हणजे चोर पक्ष्यांच्याच वर्षी, तो समाजवादी पक्षात गेला. हाताने, सावकाश, चांगल्या रंगात केलेली वस्तू महाग होणार. ती मजुराच्या घरी जाणार नाही. आणि मजुराच्या घरी जाईल अशी स्वस्त वस्तू करायची तर करणाऱ्याला यंत्रासारखं राबवावं लागणार. ही गाठ त्याला सुटली नाही. आम्हालाही सुटलेली नाही. माझ्या डिझाइनचा पडदा माझ्या डोंबिवलीच्या घरी कधी लागला नाही, कारण मीटरचा भाव माझ्या आठवड्याच्या पगाराएवढा होता. ह्याचं मला तेव्हा वाईट वाटायचं नाही. आता वाटतं.

आणि नावं. कापडाच्या किनारीवर कंपनीचं नाव छापत. ‘हनिसकल’ हा वॉलपेपर १८८३ चा, मे मॉरिसचा. तो पुष्कळ काळ वडिलांच्या नावावर खपला. तेविसाव्या वर्षी ती भरतकामाचं सबंध खातं चालवायला लागली. जॉन हेन्री डर्ल १८७८ मध्ये दुकानात पोऱ्या म्हणून लागला, पुढे मॉरिसनंतरचा मुख्य डिझायनर झाला आणि १९३२ मध्ये मरेपर्यंत काम करत राहिला. त्याचीही डिझाइनं लोक मॉरिसची म्हणून घरी नेतात. ठसे कोरणारे, ठसे मारणारे, कापड धुणारे यांच्याबद्दल तर ठिपक्यांपलीकडे काही उरलेलं नाही. आमच्या स्टुडिओतही डिझाइनला नंबर असायचा. सव्वीस वर्षांत माझे काही शे नंबर आहेत, नाव एकावरही नाही. मास्तरांचेही नाही. मास्तर ह्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि मी विचारायला हवं होतं.

परत आल्यावर एका रविवारी भायखळ्याला राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले. ते उभं करण्यात भाऊ दाजींबरोबर जॉर्ज बर्डवूड हा डॉक्टर होता. जन्म बेळगावचा, १८३२ चा; मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचा. पुढे लंडनला जाऊन त्याने १८८० मध्ये भारतातल्या हस्तकलांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि आपलं खेड्यातलं विणकाम, ओतकाम, छापकाम इंग्लंडातल्या कारागिरांपुढे मानाने मांडलं. मॉरिसही त्याच सुमाराला, १८७९ मध्ये, बर्मिंगहॅमच्या भाषणात सांगत होता, की आपली राजवट आणि आपला व्यापार हिंदुस्थानातल्या कला मारून टाकतोय, सरकार तुरुंगांतून स्वस्त गालिचे विणून घेतंय. येरवड्याच्या तुरुंगातही गालिचे विणले जात. पण ह्याच बर्डवूडने भारतात ललित कला नाहीच असं ठासून सांगितलं, आणि १९१० मध्ये लंडनच्या सभेत जावामधल्या एका बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. हात कुशल, पण कलावंत नव्हे. काचेच्या कपाटातली छोटी मातीची माणसं बघत मी हिंडले. रंगारी, विणकर, कासार, प्रत्येकाच्या खाली त्याच्या धंद्याचं नाव लिहिलेलं.

मॉरिस अँड कंपनी १९४० मध्ये बंद पडली. वॉलपेपरचे ठसे सँडर्सन ह्या दुसऱ्या वॉलपेपर कंपनीकडे गेले, आणि त्या नक्षी आजही छापल्या जातात. चोर पक्षी तर आता पिशव्यांवर, छत्र्यांवर, चहाच्या डब्यांवर आहेत. मला त्यात काही गैर वाटत नाही. स्वस्त छत्रीवर का होईना, ते पक्षी बसच्या रांगेत उभे असलेले मी पाहिले.

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमागे सिंगापूर चेरीचं झाड आहे. त्याच्यावर सकाळी बुलबुल येतात, लाल फळ चोचीत धरून डहाळीला उलटे लोंबतात, अर्धं खातात आणि अर्धं आमच्या खिडकीच्या छज्ज्यावर टाकतात. नातीच्या खोलीसाठी म्हणून मी त्यांची एक नक्षी काढायला घेतली आहे. कापडच काढीन, कागद नाही. पाया निळीचा, बुलबुलाच्या शेपटीखालचा लाल मंजिष्ठेचा. किनारीवर लिहायला तीन नावं ठरवली आहेत: माझं, अजरखपूरला छापून देणार आहेत त्या काकांचं, आणि मास्तरांचं. काका म्हणाले, ‘ठसे नऊच्या वर नेऊ नका, ताई, हात दुखतो.’ म्हणून आठात बसवते आहे.

काल चार प्रती भिंतीवर लावून ट्यूब बंद केली आणि दारात जाऊन उभी राहिले. लाइन पडली आहे. तिसऱ्या बुलबुलाची शेपूट नेमकी जोडावर येते. उद्या त्याला दोन सेंटिमीटर वर सरकवून बघते.